सम्राटाच्या मागे उभा असलेला माणूस

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘ड्यून’ या अवकाशकथेवरचा लेख वाचला. वाळवंट, तिथला मसाला, घराण्यांची वैरे, सारे त्यात व्यवस्थित आले आहे. एका ठिकाणी मात्र मी अडलो. सम्राट शद्दामचा सोबती काउंट फेनरिंग याला लेखकाने ‘सम्राटाचा चमचा’ एवढ्या दोन शब्दांत निकालात काढले आहे. हा त्या पात्रावर अन्याय आहे, आणि तो मुकाट्याने वाचून पान उलटणे मला जमले नाही.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्रँक हर्बर्ट यांची ही कादंबरी १९६५ सालची. सम्राटाला ड्यूक लेटो अट्रायडीज याची धास्ती वाटते, कारण इतर सरदार घराण्यांत लेटोच्या शब्दाला वजन येऊ लागले आहे. उघड वैर करण्याची सोय नाही. म्हणून सम्राट त्याला अराकिस हा वाळवंटी ग्रह जहागीर म्हणून देतो, मान वाढवल्यासारखे दाखवतो, आणि मागून त्याच्या हाडवैऱ्याला, हार्कोनेनला, हाताशी धरून त्याचा काटा काढतो. हल्ल्यात सम्राटाचे स्वतःचे सैनिक असतात, पण अंगावर गणवेश हार्कोनेनचा.

असले कारस्थान सिंहासनावर बसून तडीस जात नाही. निरोप घेऊन जाणारा, समोरच्याला गोड बोलून दम देणारा, परत येऊन कानाशी लागणारा कुणीतरी लागतो. फेनरिंग तो माणूस आहे. शद्दामचा बालमित्र. हार्कोनेनांच्या अमदानीत अराकिसवर सम्राटाचा प्रतिनिधी म्हणून राहिलेला. दिसायला किरकोळ, बोलताना मध्येच ‘अं... हं...’ करत रेंगाळणारा, आणि तरीही ज्याच्या वाटेला जाऊ नये असा मारेकरी. कादंबरीच्या परिशिष्टात एक वदंताही नोंदवली आहे की, शद्दामच्या बापाला विष देण्यामागे हाच होता. ज्या बखरीत ही गोष्ट आहे ती फारशी विश्वासाची नाही, असेही तिथेच म्हटले आहे. इथपर्यंत लेखकाचा शब्द मला मान्य आहे.

पण शेवट पाहा. सम्राट हरलेला आहे. लेटोचा मुलगा पॉल नुकताच द्वंद्वयुद्ध जिंकून समोर उभा आहे, थकलेला, जखमी. सम्राटाच्या हातात आता एकच शस्त्र उरले आहे, फेनरिंग. याला मार, असे तो सुचवतो. फेनरिंगला ते साधण्यासारखे आहे, हे पॉललाही उमगते. ज्या पॉलला भविष्य दिसते त्याला हा माणूस आजवर एकाही दृष्टांतात दिसलेला नाही. सगळा दरबार श्वास रोखून आहे, आणि फेनरिंग नकार देतो.

सम्राट त्याच्या जबड्यावर तडाखा देतो. फेनरिंग उलटून काही करत नाही. आपण जे करतो आहोत ते मैत्रीपोटीच, आणि हा तडाखा आपण विसरून जाऊ, एवढेच तो सांगतो. पुढे पदच्युत झालेल्या त्या सम्राटाबरोबर तोच जाऊन राहिला, हे परिशिष्टात नमूद आहे. म्हणजे हा माणूस फितूर झाला नाही. पॉलच्या गोटात गेला नाही, बक्षीस मागितले नाही. मित्राला सोडले नाही, फक्त मित्राचे ते एक काम करायला नाही म्हणाला. बिभीषण रावणाला सोडून गेला. कुंभकर्णाने चूक दाखवली आणि तरी भावासाठी रणात उतरला. कर्णाला सारे कळत होते, तरी तो दुर्योधनाच्या मिठाला जागला. आपल्याला या तिन्ही वाटा लहानपणापासून ठाऊक आहेत. फेनरिंगची वाट यातली एकही नाही, आणि म्हणूनच ती मला इतकी मोलाची वाटते.

चित्रपटवाल्यांनी त्याला गाळले, हे आणखी एक दुःख. १९८४ च्या डेव्हिड लिंच यांच्या चित्रपटात तो नाही. नव्या ‘ड्यून’ चित्रपटाच्या २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात त्याची बायको मार्गो आहे, नवऱ्याचा पत्ता नाही. माझी नात तो चित्रपट पाहून आली आणि तिने विचारले, “आजोबा, राजाच्या बाजूचे सगळे नुसते उभे का होते?” तिला मी फेनरिंग सांगितला. आपल्या लेखातून तो वाचकांना कळेल असे वाटले होते.

ठाणेकर म्हणून मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे. आपले मध्यवर्ती कारागृह ज्या जुन्या किल्ल्यात आहे, त्याच किल्ल्यात अशाच एका राजाचा सोबती कैदेत होता. दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे. जुलै १८१५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला. इंग्रजांनी ठपका त्रिंबकजीवर ठेवला आणि त्याला मागितले. बाजीरावाने काही दिवस टाळाटाळ केली, मग त्याला सोपवून दिले. सप्टेंबर १८१६ मध्ये तो या किल्ल्यातून निसटला. पहाऱ्यावर गोरे शिपाई. बाहेर घोडा फिरवणारा एक मोतद्दार मराठीत गाणे म्हणायचा आणि त्या गाण्यातूनच पळून जाण्याची सगळी खूण आत पोचायची, शिपायांना त्यातले अक्षर कळायचे नाही, असे सांगतात. लहानपणी वडिलांनी भिंतीकडे बोट दाखवून हे सांगितले, तेव्हा मला तो मोतद्दारच आवडला होता.

मोठेपणी पुढचे वाचले. १८१८ मध्ये बाजीराव शरण गेला आणि वर्षाला ८ लाख रुपये तनखा घेऊन बिठूरला राहिला, १८५१ पर्यंत जगला. त्रिंबकजी १८१८ मध्येच पुन्हा पकडला गेला, काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात त्याला ठेवले आणि तिथेच १८२९ मध्ये तो गेला. खून कुणाच्या सांगण्यावरून झाला हा वाद इतिहासकारांनी घालावा. मला दिसते ते एवढेच, की कारस्थानाचा हिशेब सोबत्याच्या नावावर चढला आणि धन्याला तनखा मिळाला.

हे सगळे मला इतके का लागते, ते सांगितल्याशिवाय पत्र पुरे होणार नाही. मी ३३ वर्षे स्वीय सहायक म्हणून नोकरी केली. कार्यालयाचे नाव लिहीत नाही. १९९४ च्या पावसाळ्यात आमच्या साहेबांना एका कनिष्ठ लिपिकाला बाजूला करायचे होते, कारण त्याने एका खरेदीच्या फाइलवर नको तो शेरा लिहिला होता. साहेबांनी मला आत बोलावले आणि महिनाभर आधीच्या तारखेचे ज्ञापन टाइप करायला सांगितले. ते त्या मुलाला कधी मिळालेच नव्हते. ज्ञापनाला उत्तर दिले नाही, हाच मग त्याच्यावरचा ठपका होणार होता. जावक नोंदवहीत त्या तारखेखाली एक ओळ कोरी राहिली होती, तीही साहेबांनी आधीच हेरून ठेवली होती. मी टाइप केले. तारखेच्या शिक्क्याची रबरी पट्टी अंगठ्याच्या नखाने एक महिना मागे सरकवली आणि शिक्का मारला. रात्री जेवायला बसलो तेव्हा नखात जांभळी शाई तशीच होती. बायकोने विचारले, काय लागले, मी म्हणालो, काही नाही.

त्या मुलाची वेतनवाढ रोखली गेली, बदली लांब झाली. त्याची आई आजारी होती, हे मला माहीत होते. साहेब पुढे बढतीवर गेले. सही त्यांची होती, पण तारीख मी फिरवली होती. नाही म्हटले असते तर फार तर मला टेबल बदलून दिले असते. हे मला त्या दिवशीही कळत होते.

दोन वर्षांपूर्वी मी त्याचा पत्ता काढून कळव्याला गेलो. त्याने दार उघडले, ओळखले, खुर्ची दिली. मी सगळे सांगितले. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता, मग म्हणाला, “त्या दिवशी सांगितलं असतंत तर उपयोग झाला असता.” मग चहा आला.

तेव्हा पुढच्या पुरवणीत फेनरिंगच्या नकाराबद्दल चार ओळी छापाव्यात, अशी कळकळीची विनंती आहे. चित्रपट पाहून आलेली मुले आपली पुरवणी वाचतात. माझी नात आता मूळ कादंबरी वाचते आहे. अर्ध्यावर आली आहे, फेनरिंगची तिची एक भेट झाली, दुसरी व्हायची आहे.

आपला,
एक निवृत्त स्वीय सहायक,
नौपाडा, ठाणे (प.)
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)