पंप वाढवण्याआधी पीयूसीची पावती बघा

मा. संपादक,

आषाढी तोंडावर आली की गाद्या, पाण्याची टाकी, शेगडी बसवून मुक्कामाच्या केलेल्या जुन्या टेंपो ट्रॅव्हलर गॅरेजच्या दारात रांग लावतात. तक्रार ठरलेली असते, गाडी ओढत नाही आणि डिझेल पिते. उपायही मालक घरूनच ठरवून आलेला असतो, ‘पंप थोडा वाढवून द्या.’ आमचा आक्षेप या उपायाला आहे.

पंप वाढवायचा म्हणजे फ्युएल पंपाचे सील तोडायचे, स्क्रू फिरवायचा आणि दर धक्क्याला जास्त डिझेल सोडायचे. यातल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेले ओएम ६१६ इंजिन आहे. २.४ लिटरचे, चार सिलिंडरचे, बिनटर्बोचे. सिलिंडरने जेवढी हवा आत ओढली तेवढ्यापुरतेच डिझेल त्यात नीट जळते, वरचे काळा धूर होऊन सायलेन्सरमधून जाते. चार दिवस गाडी हलकी वाटते. मग ॲव्हरेज आणखी पडते, चढावर इंजिन तापते आणि पिस्टन, व्हॉल्व्हवर बेतते. मूळ दोष तसाच राहतो, कारण बहुतेक वेळा कमी पडत असते ती हवा. नाहीतर टायमिंग, म्हणजे डिझेल सोडण्याची वेळ, मागे पडलेले असते किंवा चाकेच अडकत असतात.

आधी ॲव्हरेज खरे मोजा. एकाच पेट्रोल पंपावर पहिल्या कटपर्यंत (नळी आपोआप बंद होईपर्यंत) टाकी भरा, पंढरपूर किंवा अक्कलकोट करून या, पुन्हा तिथेच पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर फोनच्या जीपीएसवर धरा. टायरचा साइज बदललेला असेल तर मीटर खोटे बोलतो. शंभर लिटर पाणी भरून निघालात तर शंभर किलो वजन वाढले, आणि टपावरच्या कॅरिअरवर फडफडणारी ताडपत्री सपाट रस्त्यावरही डिझेल खाते. (आतले बदल आरटीओकडे नोंदवले नसतील तर तो वेगळा आणि गंभीर विषय आहे.)

मग चाके. फेरी मारून आल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हात न्या, एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर ब्रेक धरतोय. जॅक लावून चाक हाताने फिरवून बघा. व्हील सिलिंडर जाम, हँडब्रेकची केबल गंजलेली किंवा ब्रेकचा रबरी होज आतून फुगलेला, यांपैकी काहीतरी निघते. होज फुगला की तेल चाकाकडे जाते, पण लवकर परत येत नाही, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तुळजापूरच्या घाटात आवाज चढतो पण वेग चढत नसेल, तर क्लच घसरतोय. इंजिनला दोष देऊ नका.

एकाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा, दुसऱ्याने फ्युएल पंपावरचा लिव्हर स्टॉपला टेकतो का ते पाहावे. केबल सैल असेल तर काम पाच मिनिटांचे असते. सोलापूरच्या धुळीत एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच बदलावा लागतो. कागदी फिल्टर धुऊ नये. आतून बाहेर, कमी दाबाने हवा मारावी आणि बल्ब आत धरून उजेड दिसतो का ते पाहावे. डिझेल फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडून इंजिन रेस करा. बुडबुडे दिसले तर टाकी आणि तिच्यातून डिझेल ओढणारा फीड पंप यांच्यामध्ये कुठेतरी हवा ओढली जातेय, बहुधा जुना होज किंवा नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे वॉशर.

उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकण्याची खोड आपल्याकडे फार आहे. रेडिएटर साफ करायचे सोडून हे केले की इंजिन ८० अंशांवर लवकर पोहोचत नाही, ज्वलन अर्धवट होते आणि झीज वाढते.

इथपर्यंत काही सापडले नाही, तरच पाने हातात घ्यावेत. आधी थंड इंजिनवर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तपासावी. फट कमी पडून व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसतील तर कॉम्प्रेशन उगाच कमी दिसते. मग इंजिन गरम करून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजावे. २२ ते २४ बार म्हणजे तब्येत चांगली, दोन सिलिंडरांत ३ बारपेक्षा जास्त फरक नको, आणि १५ च्या खाली गेले तर इंजिन उतरवणे आले. डिझेल फवारणारे नॉझल टेस्टरवर ११५ ते १२५ बारला उघडावे, १०० च्या खाली आलेले बदलावे. थेंब गळणारे नॉझलही बाद. बसवताना नॉझलखालचे वॉशर नवेच हवे.

टायमिंगकडे मात्र फार कमी जण बघतात. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन पूर्ण वर येण्याच्या आधी, क्रँकशाफ्टच्या फेरीत २४ अंश अगोदर, पंपाने डिझेल द्यायला सुरुवात करावी, असे या इंजिनाचे माप आहे. टायमिंग चेन ताणली की कॅमशाफ्ट आणि पंप दोन्ही मागे पडतात. सकाळी पांढरा धूर, दिवसभर जडपणा आणि ॲव्हरेज सात-आठ. अशा गाडीचा पंप वाढवला तर उशिरा येणारे डिझेल नुसते जास्त येते.

इंजिनातला बिघाड ओळखायचा सर्वांत स्वस्त कागद मालकाच्या डॅशबोर्डमध्येच असतो. डिझेल गाडीच्या पीयूसीवर धुराचा आकडा प्रति मीटरमध्ये छापलेला असतो; आकडा जितका मोठा तितका धूर दाट. बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या गाड्यांना मर्यादा २.४५, बीएस-४ ला १.६२. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला दर सहा महिन्यांनी पीयूसी लागते, म्हणजे वर्षाला दोन नोंदी. १.२ वरून १.९ वर गेलेली गाडी ‘पास’ असते, पण तिची हवा किंवा नॉझल बिघडल्याचे तो आकडा सांगत असतो. पावत्या फेकू नका, मेकॅनिकला दाखवा.

पण काही केंद्रांवर अर्धाच ॲक्सिलरेटर दाबून चाचणी उरकली जाते. इंजिन आयडलवरून पूर्ण रेसपर्यंत, तेही अनेकदा, नेल्याशिवाय आकडा खरा येत नाही. आषाढीपूर्वी परिवहन विभागाने शहरातील केंद्रांवर अचानक तपासणी करावी आणि चाचणी होताना मालकाला शेजारी उभे राहू द्यावे, एवढी विनंती आहे.

– होटगी रोड परिसरातील काही डिझेल मेकॅनिक, सोलापूर