व्हेंटिलेटरवरचे ८८ टक्के: भागाकार कुठे चुकला?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

‘व्हेंटिलेटरवर गेलेल्या दहांतले नऊ दगावतात’ हे वाक्य २०२० पासून आपल्याकडे ठाण मांडून बसले आहे. करोनाचे रुग्ण जरा वाढले की ते पुन्हा छापून येते, आणि आयसीयूबाहेर संमतिपत्रावर सही मागितली की नातेवाईक तेच ऐकवतात. ज्या आकड्यावरून हे पसरले तो खोटा नव्हता. त्याचा छेद चुकीचा वाचला गेला.

न्यूयॉर्क परिसरातील नॉर्थवेल समूहाच्या १२ रुग्णालयांत १ मार्च ते ४ एप्रिल २०२० या काळात दाखल झालेल्या ५,७०० करोना रुग्णांचा अहवाल त्याच महिन्यात ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातले १,१५१ जण व्हेंटिलेटरवर होते. मोजणी थांबली तेव्हा २८२ मरण पावले होते, ३८ घरी गेले होते आणि ८३१ अजून रुग्णालयातच होते. पहिल्या मांडणीत या ८३१ जणांना बाजूला ठेवून २८२ ला ३२० ने भागले. उत्तर आले ८८.१ टक्के. जगभर मथळे झाले. काही दिवसांतच लेखकांनी दुरुस्ती करून तिन्ही गटांचे आकडे वेगळे दिले: मृत २४.५ टक्के, घरी गेलेले ३.३ टक्के, दाखल ७२.२ टक्के. दुरुस्तीचे मथळे फारसे कुणी केले नाहीत.

अर्थात २४.५ हाही खरा मृत्युदर नव्हे, कारण त्या ८३१ मधलेही काही पुढे गेलेच असणार. मेख अशी की या आजारात अतिगंभीर रुग्ण लवकर दगावतो, पण वाचणारा दोन-तीन आठवडे व्हेंटिलेटरच्या, म्हणजे श्वासनलिकेत घातलेल्या, नळीवर काढतो, मग नळी निघते, मग वॉर्डात जातो आणि शेवटी घरी. महिन्याभरात मोजणी थांबवली की मृत्यू बरेचसे दिसतात, बरे झालेले मात्र फारसे दिसत नाहीत. ब्रिटनमधल्या २०,१३३ दाखल रुग्णांच्या अहवालात प्रत्येक रुग्ण किमान दोन आठवडे मोजला गेला होता. तिथे व्हेंटिलेटरवरचे ३७ टक्के मृत, १७ टक्के घरी आणि ४६ टक्के दाखल होते. नॉर्थवेलचाच भागाकार इथे केला तर ८८ चे ६९ होतात. पुढे ‘रिकव्हरी’ या ब्रिटनमधल्या औषध-चाचणीत प्रत्येक रुग्ण २८ दिवस मोजला गेला. तिथे नेहमीचे उपचार मिळालेल्या व्हेंटिलेटरवरच्या गटात मृत्यू ४१.४ टक्के, तर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मिळालेल्या गटात २९.३ टक्के होते. रुग्ण वेगळे, देश वेगळे, हे मान्य. तरीही ८८ आणि २९ मधले अंतर बरेचसे मोजण्याच्या पद्धतीचे आणि उरलेले उपचारांचे आहे.

व्हेंटिलेटरवर प्राण जातच नाहीत असा याचा अर्थ कुणी काढू नये. चाळीस टक्के हा आकडाही भयंकरच आहे. पण भीतीपोटी दोन दिवस नकार दिला की काय होते ते सांगायला हवे. रुग्ण मिनिटाला ३५-४० श्वास घेत स्नायू थकवून घेतो, रक्तातला ऑक्सिजन ७० टक्क्यांवर येतो आणि मग नळी टाकायची वेळ येते. नळी टाकताना श्वास क्षणभर थांबतो. शरीरात ऑक्सिजनचा साठा उरलेला नसल्याने त्याच मिनिटात हृदय बंद पडण्याचा धोका असतो. हा मृत्यू मग व्हेंटिलेटरच्या खात्यावर जमा होतो.

मशीन लावल्यानंतरचे कौशल्यही निकाल फिरवते. प्रत्येक श्वासात किती हवा द्यायची हे रुग्णाच्या उंचीवरून ठरते, वजनकाट्यावरून नव्हे. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे हिशेबाचे वजन ६६ किलो धरतात. किलोला ६ मिली म्हणजे सुमारे ४०० मिली. तोच माणूस ९० किलोचा आहे म्हणून ५४० मिली दिली तर आधीच ताठरलेली फुप्फुसे आणखी फाटू शकतात. ऑक्सिजन सुधारावा म्हणून पालथे झोपवणे एका वेळी बारा ते सोळा तासांचे असावे लागते. तासभर वळवून पुन्हा उताणे केले तर फार काही साधत नाही, आणि ते नीट करायला चार-पाच माणसे लागतात. छोट्या रुग्णालयात रात्री दोन वाजता ती कुठून आणायची, हा प्रश्न मशीन खरेदीच्या बातमीत कधीच नसतो.

दुसरा गैरसमज तापाचा: ताप नाही म्हणजे करोना नाही. नॉर्थवेलमध्ये पहिल्या तपासणीला ताप फक्त ३०.७ टक्के रुग्णांना होता. चीनमधल्या १,०९९ रुग्णांत तो दाखल होताना ४३.८ टक्के आणि पुढे रुग्णालयात असताना ८८.७ टक्के जणांत दिसला. सोसायटीच्या दारात कपाळावर रोखलेली ती ताप मोजायची बंदूक किती उपयोगाची होती, ते यावरून समजावे. वुहानच्या पहिल्या ४१ रुग्णांत दम लागण्याचा मध्यक (निम्म्यांना त्याआधी, निम्म्यांना नंतर) दिवस आठवा होता, आयसीयूत जाण्याचा साडेदहावा. म्हणून पाचव्या दिवशी ताप उतरला की सुटलो, असे मानण्यात धोका आहे.

आजाराच्या या दिवसांत घरी दोन गोष्टी मोजाव्यात. पहिली श्वासाची गती: रुग्णाला न सांगता, पूर्ण एक मिनिट. २४ किंवा जास्त असेल तर डॉक्टरांकडे न्यावे. अनेक चार्टवर ती न मोजताच १८ किंवा २० लिहिलेली असते, हे आम्हा मंडळींचे जुने पाप. दुसरी, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर, ऑक्सिजन पातळी: हात गरम, नखाला पॉलिश किंवा काळी मेंदी नको, आकडा स्थिर होईपर्यंत बोट हलवू नये. ९३ किंवा कमी आली तर घरी थांबू नये. सावळ्या त्वचेवर यंत्र थोडे जास्त दाखवू शकते, म्हणून ९४ आणि सोबत दम असेल तर आकड्यावर विसंबू नये.

ऑक्सिजन देतानाही गफलती होतात. नाकातल्या नळीने मिनिटाला ५-६ लिटरपर्यंत. साध्या मास्कला किमान ५ लिटर हवेत, नाहीतर बाहेर टाकलेलाच श्वास पुन्हा आत जातो. पिशवीच्या मास्कला १० ते १५ लिटर. श्वासागणिक पिशवी पूर्ण चपटी होत असेल तर प्रवाह कमी पडतोय असे समजावे.

आणि डेक्सामेथासोन. दिवसातून एकदा ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. ‘रिकव्हरी’त व्हेंटिलेटर न लागता फक्त ऑक्सिजनवर असलेल्यांत मृत्यू २६.२ वरून २३.३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांत फायदा दिसला नाही. तिथे औषध घेतलेल्यांत १७.८ आणि न घेतलेल्यांत १४ टक्के मृत्यू झाले. हा फरक निर्णायक नव्हता, तरी ताप आला की पहिल्याच दिवशी स्टिरॉइड सुरू करणाऱ्यांनी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. मधुमेही रुग्णांत साखर भडकून म्युकरमायकोसिसला (‘काळ्या बुरशी’ला) वाट मिळते, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले आहेच.

आपल्याकडे एक विनंती. कोणत्याही रुग्णालयाचे आकडे छापताना तीन रकाने द्यावेत: मृत, घरी गेलेले, अजून दाखल. सोबत मोजणी कोणत्या तारखेला थांबवली तेही लिहावे. तिसरा रकाना मोठा असेल तर टक्केवारीचा मथळा करू नये.

आपले,
अतिदक्षता विभागात काम करणारे दोन डॉक्टर, सांगली