दम्याचा पंप विम्याच्या फॉर्मवर लिहिला, त्याबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा रागावले, ते मनातून जात नाही. "दम्याचं लिहायची काय गरज होती? आता जन्मभर जादा पैसे भर." शेजारी पोरगी झोपलेली, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहितोय.

बाबा, जादा पैसे लावले हे खरं आहे. मूळ हप्त्यावर 25 टक्के. एक कोटीच्या टर्म विम्याला (मुदतीत मी गेलो तरच घरच्यांना पैसे मिळतात तो) दम्याशिवाय वर्षाला 12,000 बसले असते, ते 15,000 झाले. महिन्याला अडीचशे रुपये. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक जीवन विम्यावरचा 18 टक्के जीएसटी निघाला. तो असता तर याच हप्त्यावर आणखी 2,700 भरावे लागले असते. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचं कर्ज, पोरीचं शिक्षण, सगळं माझ्या एकट्याच्या पगारावर आहे. अंबडच्या कंपनीचा ग्रुप विमा आहे, पण तो नोकरी आहे तोवरच. तुमच्या मनी बॅक पॉलिसीसारखे यातले पैसे परत मिळत नाहीत, पण एवढ्या हप्त्यात एवढं संरक्षण दुसऱ्या कशात मिळत नाही.

शेजारचे काका म्हणतात, तीन वर्षं गेली की कंपनी काही विचारू शकत नाही. विमा कायद्याच्या कलम 45 मध्ये तसंच आहे. पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कोणत्याही कारणानं तिच्यावर शंका घेता येत नाही. पण मी दुसऱ्याच वर्षी गेलो तर? विमा काढायचा तो त्याच भीतीपोटी ना! लवकर आलेल्या दाव्यात कंपनी दवाखान्याचे जुने कागद हुडकते. लहानपणी ऐन थंडीत मला निफाडहून रात्री नाशिकला आणलं होतंत, तेव्हापासून माझ्या नावाच्या फायली आहेत. लपवलेलं सापडलं आणि दावा नाकारला, तर हिनं पोरीला कडेवर घेऊन कुणाच्या दारात जायचं? हा विचार आला की मला अडीचशे रुपये काहीच वाटत नाहीत.

आणि आई, तुला वाटतं रोजचा पंप लिहिला म्हणून मी जास्त आजारी दिसलो. उलट आहे गं. फॉर्मवर विचारतात ते असं: शेवटचा ॲटॅक कधी आला, ॲडमिट केव्हा होतास, स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या का, विडी-सिगारेट ओढतोस का. नेमानं पंप घेणाऱ्याची पहिली तीन उत्तरं चांगली येतात. "पंपाची सवय लागते" म्हणून जो मधूनच बंद करतो, तोच मग दवाखान्यात पोचतो आणि कंपनीच्या नजरेतही तोच जोखमीचा. ॲडमिट होऊन थोडेच महिने झाले असतील तर कंपन्या प्रकरण पुढेही ढकलतात. मी गेली काही वर्षं ॲडमिट झालो नाही, म्हणून 25 टक्क्यांवर भागलं.

फुफ्फुसाची तपासणीही झाली. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात आणि तपासणी करणारा पोरगा समोर उभा राहून ओरडतो, "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत फुंकायचं. मग औषधाचे झोत देऊन पंधराएक मिनिटांनी पुन्हा तेच. औषधानंतर माझा फुंकण्याचा आकडा बऱ्यापैकी वर गेला. श्वासनळ्या आवळतात पण औषधानं मोकळ्या होतात, असा त्याचा अर्थ. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, ते पत्रही प्रकरणाला जोडलंय.

लग्नाच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, पाहुणे येतायत, पंप कपाटात ठेव. माझ्या काळजीपोटीच म्हणालात, मला ठाऊक आहे. पण हिला मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, आणि आजही रात्री छातीत घरघर सुरू झाली की माझ्याआधी तीच पंप शोधते. दमा लपवून माझं आजवर काही भलं झालेलं नाही, बाबा.

आता दादाचं. द्राक्षांवरच्या भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी केली की त्यालाही धाप लागते आणि तो तोंडाला नुसता रुमाल बांधतो. चांगला मास्क मी आणतो, पण तो लावतो की नाही हे तुम्ही बघा. त्याचा विमा तर काहीच नाही. बँकेत प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेचा अर्ज मिळतो. वर्षाला 436 रुपये, दोन लाखांचं संरक्षण, वैद्यकीय तपासणी नाही. वय 18 ते 50 हवं, दादा त्यात बसतो. पहिल्या 30 दिवसांत अपघात सोडून दुसऱ्या कारणानं मृत्यू आला तर दावा मिळत नाही, म्हणून उशीर नको. हप्ता दर वर्षी खात्यातून कापतात, तेव्हा मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढी शिल्लक राहू द्या. दोन लाखांत वहिनी-पोरांचं भागणार नाही. छाटणीची धावपळ संपली की त्याला इकडे पाठवा, फुफ्फुसाची तपासणी करून घेऊ आणि त्याच्याही टर्म विम्याचं बघू. फॉर्मवर सगळं खरं लिहायचं, हे त्याला तुम्हीच सांगा बाबा. तुमचं तो ऐकतो.

आईचे गुडघे कसे आहेत ते कळवा.

तुमचा,
बाळू