दहा हेक्टरांना एक नमुना अपुरा

मराठवाड्यातील पडीक माळरानांचा कस सुधारत असल्याचे वृत्त वाचून आनंद झाला, मात्र त्यासाठी गावाचा एकच सरासरी आकडा देणे पटले नाही. बालाघाट डोंगररांगेच्या उतारावर समतल चर (पाणी-माती अडवण्यासाठी उताराला आडवे खोदलेले चर) आणि चराईबंदीने सावरणाऱ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत येणारा, कस दाखवणारा घटक, सगळीकडे सारखा वाढत नाही. चरांत गाळ, पालापाचोळा साठतो, बाभळीखाली माती काळसर होते आणि वीस पावलांवर उघडा मुरूम तसाच असतो. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत बागायतीला अडीच हेक्टरांमागे मातीचा एक नमुना ठरला, कोरडवाहूला १० हेक्टरांमागे! जिथे फरक जास्त, तिथेच नमुने कमी. माथा, उतार आणि पायथ्याचे नमुने वेगळे तपासावेत. सरासरीवर विसंबून माथ्यावरची कामे थांबवली, तर उरलेली मातीही ओढ्याला जाईल.

– एक कोरडवाहू शेतकरी, पाटोदा (जि. बीड)