इंजिन बंद झाल्यावर ट्रकच्या केबिनमधील विजेचे काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या, म्हणजे एन-२ आणि एन-३ वर्गांतील ज्या मालवाहू गाड्या १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होतील, त्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा असणे केंद्र सरकारने बंधनकारक केले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या या नियमाचे मनापासून स्वागत. मात्र मुंबई-आग्रा महामार्गालगत गेली सव्वीस वर्षे ट्रकांच्या वायरिंगचे काम करत असल्याने त्यातली एक उणीव मला रोज दिसते. हा एसी इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या कॉम्प्रेसरवर चालतो. इंजिन थांबले की तोही थांबतो. लांब पल्ल्याचा ड्रायव्हर मात्र केबिनमध्ये नुसती गाडी चालवत नाही, तिथेच राहतो. माल उतरण्याची वाट पाहत, बंदराबाहेरच्या रांगेत किंवा ढाब्याच्या मागच्या मोकळ्या जागेत त्याचे कित्येक तास उभ्या गाडीत जातात आणि नेमके तेच तास झोपेचे असतात.

अशा वेळी त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात. पहिला म्हणजे इंजिन चालू ठेवून झोपणे. उभ्या मोठ्या गाडीचे इंजिन एसीसह तासाला साधारण दोन लिटर डिझेल पिते. आठ तासांचे सोळा लिटर झाले आणि लिटरला ९० रुपये धरले तरी एका झोपेची किंमत १,४४० रुपये होते. हे पैसे मालक देत नाही, आणि दिले तरी गळक्या सायलेन्सरचा धूर बंद केबिनमध्ये शिरण्याचा धोका राहतोच. दुसरा मार्ग म्हणजे इंजिन बंद करून बॅटरीवर पंखा, दिवा आणि मोबाइल चालवणे. हा मार्ग बहुतेक जण पत्करतात आणि बिघाडांची सुरुवात तिथूनच होते.

ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. बाजारात स्वस्तात मिळणारे पंखे, टेप आणि चार्जर बहुधा १२ व्होल्टचे. त्यामुळे वायरमन दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एक वायर काढतो आणि एकाच बॅटरीवर सारा भार टाकतो. इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर मात्र दोघींना एकत्रच चार्ज करतो. परिणामी एक बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरीत गरजेपेक्षा जास्त चार्ज जाऊन तिचे पाणी उडते आणि दोन वर्षे टिकायची जोडी वर्षभरात भंगारात जाते. सुरुवातीच्या काळात मी स्वतः अशा कितीतरी वायरी काढून दिल्या आहेत, हे कबूल करायला हवे. दुकान नवे होते, गिऱ्हाईक परत पाठवणे परवडत नव्हते. यावर २४ वरून १२ व्होल्ट करणारा छोटा कन्व्हर्टर हा साधा उपाय आहे, परंतु तो बसवण्याचा खर्च ड्रायव्हरने स्वतःच्या खिशातून करावा, अशीच बहुतेक मालकांची अपेक्षा असते.

पंख्याचे भागते, एसीचे भागत नाही. त्याचा हिशेब अवघड नाही. १३० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्यांत मिळून सुमारे तीन युनिट वीज मावते. सेल्फ मारण्यासाठी, म्हणजे इंजिन सुरू करण्यासाठी बनवलेल्या या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. ती क्षणभर प्रचंड करंट देते, पण घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी रात्रभर हळूहळू रिकामी होणे तिला सोसत नाही. अगदी निम्मी वापरायची म्हटली तरी दीड युनिट हाती लागते. पंखा, दिवा आणि मोबाइल मिळून ४० वॉट धरले, तर आठ तासांत पाव ते अर्धा युनिट खर्च होईल. उभ्या गाडीत चालणारा बॅटरीवरचा एसी सरासरी ५०० वॉट घेतो, म्हणजे त्याच आठ तासांना चार युनिट लागतात. तेवढी वीज मूळ बॅटरीतून ओढली, तर पहाटे सेल्फ उचलणार नाही, आणि माल भरलेल्या चौदा चाकी गाडीला धक्का कोण मारणार?

म्हणून झोपेच्या वेळेसाठी वेगळी बॅटरी हवी. गाडी धावताना ती अल्टरनेटरवर चार्ज व्हावी आणि इंजिन थांबताच मूळ बॅटरीपासून आपोआप तुटावी. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची २४ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची बॅटरी सुमारे पाच युनिट वीज साठवते आणि तिचे वजन ५० किलोच्या आसपास असते. अल्टरनेटरकडे थोडी क्षमता शिल्लक असेल, तर गाडी चार-पाच तास धावल्यावर रात्रीची वीज परत भरून निघते. केबिनच्या टपावर सौर पॅनल लावण्याविषयीही लोक विचारतात. तिथे फार तर ३०० वॉटचे पॅनल मावते, ते दिवसाकाठी जेमतेम सव्वा युनिट देते. पंख्याला भरपूर, एसीला अपुरे.

अमेरिकेत ही अडचण फार पूर्वीच ओळखली गेली. झोपण्याची सोय असलेल्या ट्रकचे इंजिनही पाच मिनिटांपेक्षा अधिक काळ उभ्याने चालू ठेवण्यास कॅलिफोर्नियात २००८ पासून मनाई आहे. तिथे केबिनसाठी छोटे स्वतंत्र जनित्र बसवतात आणि त्याच्या वजनापोटी ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलोपर्यंत सवलत राज्यांना देता येते, अशी केंद्रीय कायद्यात तरतूद आहे. वर सांगितलेली बॅटरी आणि तिच्यावरचा एसी मिळून वजन शंभर किलोच्या आसपास जाईल, त्यामुळे आपल्याला एवढ्या सवलतीचीही गरज पडू नये.

हे काम कारखान्यातच व्हावे, असा माझा आग्रह आहे. माझ्यासारख्यांचा धंदा त्याने कमी होईल, तरीही. एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्रणा इतकी आहे की मूळ वायरिंग कापले, तर डॅशबोर्डवर इंजिनाचे इशाऱ्याचे दिवे पेटतात आणि वॉरंटीवर वाद होतात. म्हणून एसीच्या नियमालाच जोडून दुसरी बॅटरी, निदान तिची जागा आणि फ्यूजसह तयार जोडणी बंधनकारक करावी.

दुसरी मागणी वाहनतळांविषयी आहे. मार्च-एप्रिलमध्ये नाशिकची द्राक्षे रीफर, म्हणजे शीत कंटेनरमधून न्हावा-शेवा बंदराला जातात. कंटेनरला स्वतःचा जेनसेट (जनित्र) असतो, बंदरात पोहोचल्यावर वीज घ्यायला खास प्लग असतात आणि द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास सुखात राहतात. त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर ड्रायव्हर ओला पंचा तोंडावर टाकून पडलेला असतो. (त्या जेनसेटचा दाब ४४० व्होल्टचा असतो, त्यातून केबिनसाठी वीज घेण्याचा उद्योग कोणीही करू नये.) ट्रक टर्मिनलवर, बंदराच्या पार्किंगमध्ये आणि ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावरील थांब्यांवर २३० व्होल्टचे मीटर लावलेले प्लग दिले, तर पाच युनिटांना १५ रुपयांच्या दराने ७५ रुपये पडतील. डिझेलच्या १,४४० रुपयांशी ही तुलना करावी.

नियम होईपर्यंत जे ड्रायव्हर बाहेरून इन्व्हर्टर बसवून घेणार आहेत, त्यांनी वायरमनकडून एक गोष्ट अडून करून घ्यावी. इन्व्हर्टरची वायर थेट बॅटरीच्या टोकाला जोडण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. हजार वॉटला २४ व्होल्टवर ४० अँपिअरहून अधिक करंट वाहतो आणि अशी वायर चॅसिसच्या कडेवर घासून सोलली, तर शॉर्ट होऊन लागलेली आग विझवायला वेळ मिळत नाही. फ्यूज इन्व्हर्टरजवळ लावून उपयोग नाही; तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर असला पाहिजे आणि तो उडाला, तर त्या जागी तांब्याची तार गुंडाळू नये.

आपला विश्वासू,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक