काठावरच्या माणसाला बेटकास्टर कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आईवडिलांनी वेळ कसा घालवावा, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख होता. लेकीने तो मला फोनवर पाठवला, ‘बाबा, हे तुमच्यासाठीच’ म्हणून. मासे गरवायला जा, हा त्यातला सल्ला मला पटला. पण ‘बास म्हणजे आपला जिताडाच, त्यासाठी दणकट सव्वासात फुटी रॉड आणि दोरा गुंडाळायला बेटकास्टर रीळ घ्यावे’ हे वाचल्यावर गप्प बसवेना. दुकानातल्या पोराच्या अशाच सल्ल्यापायी गेल्या वर्षी मी १४० डॉलर पाण्यात घातले आणि पाण्यातून वर काहीच आले नाही.

आधी जिताड्याचे. मी पेणचा. भाताच्या खाचरांशेजारी तळी राखून त्यात जिताडे वाढवणारी आमची माणसे. जिताड्याला इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात, तेवढ्यावरून लेखकाने नाते जोडलेले दिसते. आडनाव सारखे म्हणून कोणी भाऊबंद होत नाही. इथला लार्जमाउथ बास सनफिशच्या कुळातला, गोड्या पाण्यातला. जिताडा खाडीत आणि नदीत दोन्हीकडे फिरणारा, कूळच वेगळे. खोड तेवढी दोघांची एक, आडोशाला दबा धरून बसायचे आणि समोरून काही गेले की गट्ट करायचे. पण खाडीत दहा किलोच्या जिताड्याच्या गोष्टी सांगतात, इथे कालव्यात किलोभराचा बास लागला तरी फोटो निघतो. दहा किलोचे हत्यार एक किलोला कशाला?

मी बसतो ती जागा सांगतो, म्हणजे रॉडचा हिशोब कळेल. न्यू जर्सीत डेलावेअर अँड रॅरिटन नावाचा कालवा आहे. १८३४ साली सुरू झाला. आयर्लंडहून आलेल्या मजुरांनी तो बहुतांशी हातांनी खणला. कोळशाच्या बोटी खेचरे ओढत, त्या खेचरांची वाट आजही कालव्याकडेने जाते. प्रिन्स्टन ते किंग्स्टन या पट्ट्यात त्या वाटेच्या एका अंगाला कालवा आणि दुसऱ्या अंगाला कार्नेगी तलाव. डोक्यावर झाडांच्या फांद्या, पाठीमागून सायकलवाले. बोटीत उभ्या असलेल्या माणसाला आठ दिशा मोकळ्या असतात, इथे रॉड डोक्यावरून मागे नेला की गळ फांदीत. पहिल्याच दिवशी माझी दोन आमिषे झाडाने खाल्ली.

म्हणून कालव्यावर साडेसहा फुटांचा रॉड बरा, कमरेच्या उंचीवरून आडवा फेकता येतो. मोकळ्या तलावाच्या काठी सात फुटी चालेल, दोरा काठच्या गवतावरून उचलून धरायला वरचे अर्धे फूट उपयोगी पडते. त्यापुढे जायची गरज नाही. रॉड दोन तुकड्यांचा घ्या, जावयाच्या गाडीत मावला पाहिजे. मुठीच्या वर बारीक अक्षरांत जे छापलेले असते, ते मात्र चष्मा लावून वाचा. माझ्या पहिल्या रॉडवर आमिषाचे वजन अर्धा ते दीड औंस, म्हणजे १४ ते ४२ ग्रॅम लिहिले होते. मी लावत होतो सात ग्रॅमचे. एवढ्या वजनाने तो रॉड वाकतच नव्हता आणि वाकल्याशिवाय आमिष लांब जात नाही. आता घेतलेल्यावर पाव ते पाच अष्टमांश औंस, ७ ते १८ ग्रॅम, असे आहे. ताकद मीडियम, अ‍ॅक्शन फास्ट, म्हणजे फक्त शेंड्याकडचा भाग वाकतो आणि माशाने नुसते हुंगले तरी मुठीत कळते.

रिळाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तीस वर्षे आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला आहे. बेटकास्टरमध्ये आमिष फेकताना दोरा गुंडाळलेली गुंडीच फिरते आणि अंगठ्याने तिला आवरावे लागते. आमिष हलके असले किंवा समोरून वारा आला की आमिष मंदावते, गुंडी मात्र धावतच राहते, आणि मग दोऱ्याचा जो सुगरणीचा खोपा होतो तो सोडवण्यात अर्धी संध्याकाळ जाते. बोटीतून जड आमिषे नेमकी टाकणाऱ्या सरावलेल्या माणसाचे ते यंत्र. स्पिनिंग रिळात फेकताना गुंडी स्थिर असते, दोरा नुसता सुटत जातो. साठी ओलांडलेल्या नवशिक्याला हेच बरे. रिळावर आकाराचा आकडा असतो, तो २५०० पुरे. गिअर ६.२ ला १ असा असेल तर रिळाची मूठ एकदा फिरवली की दोरा गुंडीवर सहाहून जास्त वेढे घेतो, काठाजवळ आमिष झटकन वर काढायला तेवढा वेग पुष्कळ. खोक्यावर ‘९ बेअरिंग’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, त्याला भुलू नका. नऊ हलक्या बेअरिंगपेक्षा चार चांगली परवडली. दुकानातच दोरा हाताने ओढून ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा बेताने सोडणारा ब्रेक, तपासा. तो अडखळत नव्हे, सारखा सुटला पाहिजे.

दोरा आठ पौंडांचा ताण सोसणारा नायलॉनचा, आपला तंगूसच, सुरुवातीला चालतो. गुंडी काठोकाठ भरू नका, दोन-तीन मिलिमीटर रिकामी ठेवा. फेकताना रिळावरची जी वाकडी तार उघडतो, ती फेकून झाल्यावर मूठ फिरवून नाही, हाताने मिटा. दोऱ्याला पीळ कमी पडतो. आमिष म्हणून पाच इंची प्लॅस्टिकचे गांडूळ गळाला मधोमध टोचले की झाले, दोन्ही टोके हलवत ते सावकाश बुडते. खरी मजा त्या बुडण्यात आहे, गुंडाळायची घाई नको. बासला ओठाला अंगठा लावून उचलता येते, दात पॉलिशपेपरसारखे. जिताड्याशी ही सलगी जपून करावी, त्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते.

लेखात परवान्याचा उल्लेखच नाही. न्यू जर्सीत गोड्या पाण्यात गरवायला तिथल्या रहिवाशाला १६ ते ६९ या वयात परवाना लागतो, बाहेरून आलेल्या पाहुण्याला तर १६ च्या पुढे कोणत्याही वयात. १५ एप्रिल ते १५ जून बास पकडला तरी लगेच सोडावा लागतो, तो त्यांचा विणीचा काळ. एरवीही मी सोडतोच, कारण पाऱ्यामुळे इथला बास बेताने खावा असे सरकारच सांगते. सौभाग्यवतींना हे पटलेले नाही. ‘दोन तास बसून हात हलवत आलात?’ हा प्रश्न आठवड्यातून तीनदा ऐकतो.

रॉड आणि रीळ मिळून दुसऱ्या खेपेला मला ७० डॉलर पडले. पहिला सव्वासात फुटी खाडीत जिताड्याला शोभला असता, पण तो एकसंध, विमानाच्या बॅगेत मावत नाही. सध्या गॅरेजमध्ये उभा आहे, नातवाचा झाडावर अडकलेला पतंग त्याने निघतो. बेटकास्टर रीळ तेवढे नोव्हेंबरात पेणला घेऊन येतोय. लेखकाला हवे असल्यास कळवावे.

आपला,
एक निवृत्त निदेशक, पेण
(सध्या मुक्काम प्लेन्सबरो, न्यू जर्सी)