‘मिस’ बाजूला ठेवायला लावलंत, त्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम उघड लिहितोय. इंग्रजीचं बोट धरून फ्रेंच शिकणारे माझ्यासारखे पुष्कळ असणार, आणि मी अडकलो होतो तिथेच त्यांतले बरेच जण अडकले असणार. तुमचे आभार मानता मानता त्यांनाही हे कळलं तर बरंच.

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो त्या फ्रेंच बाई निवृत्त झाल्या, तेव्हा आम्हा सगळ्यांच्या वतीने त्यांना पत्र लिहायचं माझ्याकडे आलं होतं. शेवटी मी लिहिलं, ‘नू वू माँकों बोकू’. डोक्यात वाक्य होतं, ‘आम्ही तुम्हाला खूप मिस करतो’. शब्दकोशात ‘मिस’समोर ‘माँके’ होतं, ‘नू’ म्हणजे आम्ही, ‘वू’ म्हणजे तुम्ही. सगळं जागच्या जागी बसलं होतं. पाठवण्याआधी तुम्हाला दाखवलं, तर तुम्ही त्याच वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढलीत. म्हणालात, “याचा अर्थ, तुम्हाला आमची फार आठवण येते. हेच कळवायचंय का त्यांना?”

बरोबर वाक्य तुम्ही तिथल्या तिथे लिहून देऊ शकला असतात. मी ते उतरवून घेतलं असतं आणि पुढच्या पत्रात पुन्हा तीच चूक केली असती. तुम्ही म्हणालात, “हेच मराठीत सांग. फक्त ‘मिस’ म्हणायचं नाही.”

मी क्षणभर थांबलो. मग म्हणालो, “आम्हाला तुमची उणीव भासते.”

“कोणाला भासते?”

“आम्हाला.”

“मग ‘आम्ही’ आलं कुठून?”

ताई, त्या एका प्रश्नाने माझं अर्धं काम झालं. ‘माँके’ म्हणजे उणं असणं, कमी पडणं. जे नाही ते वाक्याचा कर्ता, आणि ज्याला ते जाणवतं त्याला ‘ला’. ‘वू नू माँके’, तुम्ही आम्हाला उणे आहात. मराठीत असं कोणी म्हणत नाही, पण घडण मराठी माणसाच्या ओळखीचीच आहे. खरी मेख तुम्ही त्यानंतर दाखवलीत. फ्रेंचमध्ये ‘नू’ म्हणजे आम्हीही आणि आम्हालाही, ‘वू’ म्हणजे तुम्हीही आणि तुम्हालाही. शब्दांची रूपं बदलतच नाहीत, त्यामुळे चुकलं तरी कानाला खटकत नाही. कोणाला कोणाची आठवण येते हे शब्दांच्या क्रमावरून आणि क्रियापदाच्या शेपटावरूनच ओळखायचं.

मग तुम्ही ओळीने वाक्यं घातलीत. ‘इल म माँक दीझ युरो’, मला दहा युरो कमी पडतायत. ‘इल माँक द्यो पाज’, दोन पानं कमी आहेत. ‘ज माँक द तां’, मला वेळ पुरत नाही. इंग्रजीत हे सगळं ‘मिस’मध्ये मावत नाही, तिथे दुसरी क्रियापदं लागतात. हा शब्द फ्रेंचमध्ये इटालियनमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘मान्कुस’, म्हणजे थोटा, हेही तुम्ही सांगितलंत. त्या दिवसापासून ‘त्यु म माँक’, मला तुझी आठवण येते, हे ऐकलं की मला हात तुटल्यासारखंच वाटतं. नुसत्या आठवणीपेक्षा ते कितीतरी जड आहे.

‘राते’ची गोष्ट तर मी भेटेल त्याला सांगतो. बंदुकीचा चाप ओढला आणि बार उडालाच नाही, तर जुने फ्रेंच लोक म्हणत की तिने उंदीर धरला. उंदीर म्हणजे ‘रा’, त्यावरून ‘राते’. आपला ‘बार फुसका निघाला’ आणि हा उंदीर एकाच जातीचे. म्हणूनच परीक्षेच्या बाबतीत जपायला हवं. इंग्रजीत परीक्षा ‘मिस’ झाली म्हणजे पेपर बुडाला, माणूस गेलाच नाही. फ्रेंचमध्ये त्याला ‘माँके’ चालेल. ‘राते’ म्हटलंत तर माणूस गेला, पेपर लिहिला आणि नापास झाला. आणि मुद्दाम तासाला दांडी मारली तर ‘सेशे’, शब्दशः सुकवणे. तास सुकवला!

वाक्प्रचारांची यादी मी पाठ करत बसलो होतो. तुम्ही ती बंद करायला लावलीत आणि एकच मराठी क्रियापद दिलंत: चुकणे. नेम चुकतो, गाडी चुकते, वाट चुकते, दोघांची चुकामूक होते. ‘राते ल त्रँ’, गाडी चुकली. ‘ओं से राते’, आमची चुकामूक झाली. इंग्रजांची संधी गेली की बोट चुकते, फ्रेंचांची ‘कोश’, म्हणजे जुन्या काळची घोडागाडी. ‘सां फोत’ म्हणजे तर सरळ ‘न चुकता’. चुकीला चूक आणि नकाराला नकार, इतकं नेमकं जुळणारं मला दुसरं सापडलेलं नाही. थोडक्यात बचावण्याला मात्र ‘चुकणे’ पुरलं नाही. फ्रेंचमध्ये पडता पडता राहिलेल्या माणसालाही ‘माँके’च लागतं: पडायचं तेवढं उणं राहिलं.

दुरुस्त केलेलं पत्र गेलं. बाईंच्या उत्तरात शेवटी होतं, ‘वू म माँके ओसी’. मला शब्दकोश उघडावा लागला नाही. ‘म’ दिसलं आणि कळलं, त्यांनाही आमची आठवण येते.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिलीय. तुम्ही गावाला गेल्यापासून आपले शनिवार बंद झाले. परवा शनिवारी दुपारी वही उघडून बसलो होतो. घरातल्यांनी विचारलं, काय झालं? तोंडातून गेलं, “चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय.” आणि बोलता बोलता थांबलो. ताई, हे आपल्या यादीत नव्हतं! गाडी चुकते तेच क्रियापद, आणि माणसाची उणीवही त्यातच. इंग्रजीतला ‘मिस’ दोन्हीकडे चालतो, फ्रेंचमधलं ‘माँके’ दोन्हीकडे चालतं, आणि आपलं ‘चुकणे’सुद्धा.

फ्रेंचमध्ये उतरवून बघितलं. ‘केल्क शोज म माँक’, काहीतरी उणं आहे, इथवर आलं. पण तो शब्द दोनदा म्हटल्यावर मराठीत जी अस्वस्थता येते, घरभर उगाच फिरल्यासारखी, ती काही उतरली नाही. वहीत त्याच्यासमोरची जागा कोरी ठेवलीय. तुम्ही आलात की बघू.

तुमचा,
शनिवारचा विद्यार्थी